क्रँक पुली आऊट मारतेय की नुसती रेषेबाहेर? जुन्या इंजिनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रँक पुली म्हणजे इंजिनाच्या पुढच्या टोकावरचं, अल्टरनेटरसारख्या उपकरणांचे बेल्ट फिरवणारं चाक. बेल्ट उडतो, पुढून चिवचिव ऐकू येते, पुली लंगडी फिरताना दिसते. जुन्या गाड्यांच्या बाबतीत या तीन तक्रारींभोवती तेच तेच प्रश्न फिरत असतात. खालची उत्तरं कार्ब्युरेटरच्या काळातली इंजिनं आणि त्यानंतरची एक-दोन पिढ्यांची इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

बेल्ट वारंवार उडतो. म्हणजे क्रँक पुलीच वाकडी झाली ना?

असेलही, पण निकाल आधीच लावू नका. बेल्ट उडाला की नजर जाते सगळ्यात मोठ्या पुलीवर. नवी पुली येते, बसते आणि थोड्याच दिवसांत बेल्ट पुन्हा खाली, कारण दोष अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमध्ये होता. क्रँक पुली थेट क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर बसते, तिला तिरकं व्हायला फारशी जागाच नसते. अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर ही मंडळी मात्र ब्रॅकेटवर लटकलेली असतात. त्यांचे बोल्ट वर्षानुवर्षं ढिले-घट्ट होतात, मधले वायसर आणि अंतर राखणाऱ्या नळ्या हरवतात, पंपाची बेअरिंग झिजते. तिरकेपणा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

क्रँक पुली स्वतः तीन तऱ्हांनी बिघडते. ती फिरताना डगमगते, म्हणजे गॅरेजच्या भाषेत आऊट मारते. किंवा ती अगदी सरळ फिरते, पण जिथे हवी त्याच्या पुढे किंवा मागे बसलेली असते. किंवा तिचं बाहेरचं कडं आतल्या हबवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागावर, गोल सरकलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात बेल्ट बिनबोभाट चालतो आणि टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, मात्र खोटं दिसतं. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. आपल्याकडे यातलं काय आहे हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डगमग आणि रेषेबाहेर असणं, यातला फरक डोळ्यांनी कळतो का?

बऱ्याचदा कळतो. इंजिन आयडलवर, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी चालत असेल तर पुली सेकंदाला तेरा-चौदा वेळा फिरते. डगमगणाऱ्या पुलीची कड अशा वेळी अस्पष्ट, जाडसर दिसते. सरळ फिरणाऱ्या पुलीची कड रेघ मारल्यासारखी स्वच्छ दिसते, मग ती पुली जागेवर असो की नसो. डोळ्यावर भरवसा नसेल तर मोबाइलचं स्लो मोशन वापरा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा या वेगाला एका फेऱ्याची साधारण अठरा चित्रं देतो, आणि तेवढ्यात कड आत-बाहेर होत असेल तर लपत नाही. मोबाइल बाजूने धरा, पुलीच्या कडेशी समांतर. समोरून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही.

चित्रीकरण करताना बेल्टच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका. सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आधी काढा. आणि पंखा इलेक्ट्रिक असेल तर तो न सांगता सुरू होतो, हे ध्यानात असू द्या.

पुली म्हणजे लोखंडाचा एकच तुकडा ना? मग कडं सरकतं कसं?

काही इंजिनांत खरंच एकच तुकडा असतो, विशेषतः जुन्या छोट्या चार सिलिंडरच्या इंजिनांत. पण बऱ्याच इंजिनांत पुली म्हणजे डँपरही असतो. आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये दाबून किंवा भाजून बसवलेला रबराचा थर. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला पीळ बसतो आणि तो सुटतो. हा पीळ-उलटपीळ ठरावीक वेगाला शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला तर शाफ्ट थकून तुटू शकतो. रबरावर तरंगणारं जड कडं ती कंपनं गिळतं. सहा सिलिंडर एका रांगेत असलेल्या लांब क्रँकशाफ्टला याची गरज जास्त.

रबर वयाने कडक होतं, त्याला भेगा जातात. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाभोवतीच्या, तेल अडवणाऱ्या सीलमधून तेल गळत असेल तर ते फुगून मऊ पडतं. त्यानंतर कडं दोन दिशांना सरकू शकतं. ते फेऱ्याच्या दिशेत सरकलं तर त्याच्यावर कोरलेली टायमिंगची खूण चुकते. पुढे-मागे सरकलं तर बेल्टची रेषा चुकते आणि बहुधा कडं एका बाजूनेच निघत असल्यामुळे डगमगही सुरू होते.

नेमकी लक्षणं कोणती?

बेल्टची एकच कड झिजणं, कडेचे धागे निघणं, पुलीभोवती काळी रबरी भुकटी साचणं. थंड इंजिनावर चिवचिव, दमट हवेत जास्त. बेल्ट घसरू लागला की बॅटरीचा दिवा मिणमिणतो, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा वर जातो. डगमगणारी पुली कधी टायमिंग कव्हरला (वाल्व्ह उघडणाऱ्या कॅमची साखळी किंवा बेल्ट झाकणाऱ्या कव्हरला) घासते, मग त्यावर चकचकीत चंद्रकोर उमटलेली दिसते.

खटखट हे सगळ्यात फसवं लक्षण. हब ढिला झाला असेल किंवा कडं रबरातून सुटलं असेल तर आयडलला येणारा आवाज थेट कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसारखा वाटतो. इंजिन उतरवायची तयारी करण्याआधी सगळे बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहा. वॉटर पंप थांबलेला असतो, त्यामुळे जास्त वेळ चालवू नका. बेल्ट काढल्यावर आवाज बदलला तर आधी पुली आणि बेल्टवर चालणारी उपकरणं बघा. बदलला नाही म्हणून पुली निर्दोष ठरत नाही, ती हाताने तपासावीच लागते.

बेल्टवर पाणी मारून निदान करतात, ते खरं की नुसती युक्ती?

खरं आहे, आणि बेल्ट बनवणाऱ्या कंपन्याही ती चाचणी सुचवतात. चालू इंजिनावर बेल्टच्या खाचांच्या बाजूला स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारायचं. आवाज काही सेकंद थांबला आणि पुन्हा आला तर पुल्या रेषेत नसण्याची शक्यता मोठी. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर मेला आहे. चाचणी एवढंच सांगते. कोणती पुली चुकली ते ती सांगत नाही.

बेल्ट ड्रेसिंगच्या नावाने मिळणारे चिकट फवारे मात्र मारू नका. आवाज दबतो, निदान अवघड होतं, आणि खाचांत धूळ धरते.

आवाजाच्या तालावरून काही कळतं का?

कळतं. बेल्टच्या पाठीवर खडूची एक आडवी रेघ मारा. क्रँक पुलीचा व्यास १५० मिमी असेल तर तिचा परीघ साधारण ४७० मिमी. बेल्ट एक मीटर लांबीचा असेल तर तो एकदा पूर्ण फिरेपर्यंत क्रँक दोनहून थोडे जास्त फेरे मारतो. आवाज खडूची रेघ येण्याच्या तालावर येत असेल तर दोष बेल्टमध्येच आहे, कुठेतरी खाच तुटली असेल किंवा आतला धागा गेला असेल. त्याच्या दुपटीहून थोड्या वेगाने येत असेल तर क्रँक पुलीकडे बघा.

इंजिन बंद असताना कशाकशाची तपासणी करावी?

बॅटरीची वायर काढा, इंजिन गार होऊ द्या, बेल्ट उतरवा. उतरवण्याआधी बेल्ट कोणत्या खाचेत बसला होता ते बघून घ्या. अनेक खाचांचा बेल्ट एका पुलीवर एक खाच पुढे बसवलेला असणं ही इतकी साधी आणि इतकी नेहमीची चूक आहे की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग पुली दोन्ही हातांनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. एका बाजूला दाबा, दुसरीकडे ओढा. नंतर बारा आणि सहाच्या जागी. कसलाही तिरका झोल जाणवायला नको. शाफ्टच्या रेषेत पुढे-मागे अगदी किंचित हालचाल जाणवली तर ती क्रँकशाफ्टची स्वतःची आहे, तिच्याबद्दल खाली येतंच.

आता टॉर्च घेऊन रबर बघा. थर सगळीकडे सारख्या जाडीचा आणि सारख्या खोलीवर असला पाहिजे. एका बाजूला रबर ओठासारखं बाहेर आलं असेल आणि समोरच्या बाजूला आत गेलं असेल तर कडं तिरकं झालंय, पुढे मोजत बसण्याची गरज नाही. नखाने दाबून बघा. नख रुतलं तर तेलाने खाल्लंय. भेगा वरवरच्या असतील तर लक्ष ठेवा, आरपार दिसत असतील तर पुली बदला.

मधला बोल्ट आणि हबचं तोंड नीट पुसू नका, आधी बघा. तिथे लालसर-तपकिरी बारीक पूड जमली असेल तर लोखंड लोखंडावर घासतंय. हब शाफ्टवर घट्ट नाही, चावी (हब आणि शाफ्ट एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) आणि तिची खाच झिजायला लागली आहे. तेलात मिसळून ही पूड कधी काळपट चिखलासारखी होते आणि सगळे ती साधी गळती समजून पुसून टाकतात.

शेवटी पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ मारा, बोल्टच्या डोक्यापासून हबवरून, रबरावरून, कड्याच्या काठापर्यंत. बेल्ट बसवून काही दिवस गाडी वापरा आणि पुन्हा बघा. रेघ रबरावर तुटली असेल तर कडं सरकतंय. बोल्ट आणि हबच्या मध्ये तुटली असेल तर बोल्ट फिरतोय. डायल गेजनेही (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकानेही) न सापडणारा दोष कधी ही फुकटची रेघ दाखवते.

सरळपट्टी लावून मोजायचं कसं? आणि किती फरक चालतो?

पट्टी स्टीलची आणि खरोखर सरळ हवी. ती पुलीच्या कडांना टेकवण्याआधी कडांची जाडी मोजा. दोन पुल्यांच्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर कडा जुळल्या तरी खाचा जुळणार नाहीत, आणि बेल्ट चालतो तो खाचांतून. त्यापेक्षा खाचेत नेमका बसेल असा सरळ गोल दांडा, उदाहरणार्थ लांब ड्रिलचा मागचा गुळगुळीत भाग, एका पुलीच्या खाचेत आडवा ठेवा आणि तो दुसऱ्या पुलीच्या कुठल्या भागाकडे रोखतो ते बघा. खाचेत बसणारी लेझर साधनं हेच काम जास्त सुबक करतात.

ढोबळ मर्यादा अशी की एका खाचेच्या व्ही-बेल्टला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणजे पुल्यांमध्ये ३०० मिमी अंतर असेल तर सुमारे अडीच मिमी. अनेक खाचांचा चपटा बेल्ट जास्त नाजूक, त्याला एक तृतीयांश अंश, म्हणजे त्याच अंतरात पावणेदोन मिमीच्या आत. अंतर कमी असेल तर मुभाही त्याच प्रमाणात कमी. अल्टरनेटर क्रँकच्या अगदी जवळ असलेल्या इंजिनांत एक मिमीचा फरकही आवाज करतो तो यामुळेच.

एकच सांगणं. क्रँक पुली बाकीच्यांशी जुळते का हे बघण्याआधी ती इंजिनाशी जुळते का ते बघा. पुलीच्या मागच्या काठापासून टायमिंग कव्हरच्या किंवा ब्लॉकच्या रंधा मारलेल्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर खोलीमापकाने (डेप्थ गेजने) चार जागी मोजा. चारही आकडे सारखे आले तर पुली सरळ आहे. आकडे बदलले तर क्रँक अर्धा फेरा हाताने फिरवून त्याच चार जागी पुन्हा मोजा. मोठा आकडा पुलीबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेला तर पुली तिरकी. तो होता तिथेच राहिला तर ज्या पृष्ठभागावरून मोजताय तोच तिरका आहे.

डायल गेज लावायचा तर नेमका कुठे?

दोन ठिकाणी. टोक पुलीच्या सपाट तोंडावर ठेवलं तर आत-बाहेरची डगमग कळते. खाचेच्या तळाशी किंवा बाहेरच्या घेरावर ठेवलं तर वर-खाली, म्हणजे मध्य चुकलाय का ते कळतं. बेल्ट फेकण्याला पहिली डगमग कारणीभूत असते, ताण सतत कमी-जास्त होण्याला दुसरी.

तोंडावर मोजताना क्रँकशाफ्ट सतत एकाच दिशेला, समजा मागे, दाबून धरायचा. नाहीतर शाफ्टची पुढे-मागे हालचाल आकड्यात मिसळते आणि चांगली पुली भंगारात जाते. कड्यावर आणि हबवर वेगवेगळं मोजा. हब सरळ आणि कडं डगमगतं, तर रबर गेलं. हबही डगमगतो, तर पुली काढून शाफ्टचं नाक बघायची वेळ आली.

क्लच दाबला की पुली पुढे सरकताना दिसते. हाच दोष का?

हा वेगळा दोष आहे आणि जास्त गंभीर. क्लच दाबला की क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो, आणि त्याला थोपवायला थ्रस्ट वॉशर किंवा थ्रस्ट बेअरिंग असते. बहुतेक इंजिनांत ही हालचाल मिमीच्या अंशांत असते, साधारण ०.०५ ते ०.३० मिमी, ती डोळ्यांना जेमतेम कळते. पुली स्पष्टपणे पुढे येताना दिसली तर थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ट्रायम्फच्या जुन्या स्पिटफायर आणि टीआर६ सारख्या गाड्यांत हे अर्धगोल वॉशर झिजून तेलाच्या टाकीत पडल्याची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. त्यानंतर शाफ्ट थेट ब्लॉकवर घासतो. अशा वेळी पुली आणि बेल्ट विसरा, इंजिन चालवणं थांबवा.

टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) खूण जुळवली, तरी गाडी ओढत नाही आणि कानाला टायमिंग चुकीचं वाटतं.

कड्यावरची खूणच सरकली असेल. १६० मिमी व्यासाच्या कड्यावर एक अंश म्हणजे जेमतेम १.४ मिमी. कडं सेंटीमीटरभर सरकलं तर सात अंशांचा घोळ झाला, आणि बाहेरून पुली छान दिसते.

खरा वरचा बिंदू, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची क्रँकची जागा, शोधायचा असा. बॅटरी तोडा, सगळे प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन थांबवणारा दांडा फिरवून बसवा. क्रँक हाताने, अगदी हळू, पिस्टन दांड्याला टेकेपर्यंत फिरवा. स्थिर काट्यासमोर कड्यावर खडूने खूण करा. आता उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे खरा वरचा बिंदू. कारखान्याची शून्याची खूण तिथे नसेल तर एकतर कडं सरकलंय किंवा कोणीतरी दुसऱ्या इंजिनाची पुली बसवली आहे. या कामात स्टार्टरला हात लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल.

नुकतंच पुढचं सील किंवा टायमिंग बेल्ट (कव्हरच्या आतला, कॅम फिरवणारा) बदललं आणि त्यानंतरच आवाज सुरू झाला. योगायोग?

योगायोगावर मी शेवटी विश्वास ठेवतो. पुली काढून बसवली गेली आहे, म्हणजे ती पूर्ण बसलेली नसण्याची शक्यता आधी तपासा.

नेहमीचं कारण अर्धचंद्राच्या आकाराची चावी. पुली ढकलताना चावी तिच्या खाचेत किंचित कलते, मागचं टोक वर उचलतं, आणि पुलीची खाच तिच्यावर चढून अडकते. बोल्ट आवळत गेलं की पान्याला पूर्ण जोर लागतो, टॉर्क पाना (ठरलेला जोर आला की इशारा देणारा) टक् करतो, आणि पुली दोन-तीन मिमी बाहेरच राहते. टॉर्क आला म्हणजे पुली बसली असं नसतं. तो बोल्ट नंतर ढिला होणारच, कारण तो हबला नव्हे तर अडकलेल्या चावीला दाबतोय.

दुसरं कारण टायमिंग बेल्टच्या दातेरी चाकाशेजारची मार्गदर्शक चकती. ती बशीसारखी असते, उलटी बसली किंवा बाकावरच राहिली तर पुलीची जागा बदलते. तिसरं, हबच्या आत किंवा शाफ्टच्या खांद्यावर राहिलेला कचरा, जुन्या रंगाची पापुद्री, घणाच्या ठोक्याने उठलेली कड. काही इंजिनांत डँपरवर पत्र्याची वेगळी पुली बोल्टने लागते. त्या दोघांच्या मधे गंजाचा एक खवला राहिला तरी पुली डगमगते. दोन्ही तोंडं पॉलिश पेपरने स्वच्छ करून, मधला गोल उंचवटा भोकात नीट बसवून मगच बोल्ट आवळा, तेही समोरासमोरचे.

बोल्ट ढिला होता, आवळला. आता झालं ना?

बोल्ट किती काळ ढिला होता त्यावर अवलंबून आहे. एकदा हब शाफ्टवर हलू लागला की चावीची खाच रुंद होते, आणि मग कितीही आवळा, तो पुन्हा सुटतो. १९९०-९१ च्या माझ्दा एमएक्स-५ च्या १.६ लिटर इंजिनांत हीच भानगड प्रसिद्ध झाली. त्या शाफ्टचं नाक आखूड होतं, चावी झिजायची आणि कॅमचं टायमिंग हळूहळू सरकायचं.

म्हणून पुली काढून बघा. चावीच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, पायरी पडलेली नको. शाफ्टच्या खाचेचे काठ धारदार आणि सरळ हवेत. हबच्या भोकात लाल डाग आणि चरे दिसले तर हब गेला. चावी झिजली आणि खाच शाबूत असेल तर सुटलात. बोल्ट नवा घ्या, विशेषतः मॅन्युअलमध्ये आधी टॉर्क आणि मग इतके अंश फिरवा असं लिहिलं असेल तर. असे बोल्ट ताणून बसवलेले असतात, दुसऱ्यांदा ते तसा जोर धरत नाहीत. आटे स्वच्छ करा, आणि तेल लावायचं की कोरडं ठेवायचं ते मॅन्युअलमधून बघा, कारण त्याने बोल्टवरचा खरा ताण बराच बदलतो.

पुली काढताना काय जपावं?

पुलर हबला लावायचा, बाहेरच्या कड्याला कधीच नाही. तीन नखांचा पुलर कड्याला अडकवून ओढला की रबर फाटतं, आणि जी पुली चांगली होती ती आता खरोखर आऊट होते. हबमध्ये आट्यांची भोकं असतील तर त्यात बोल्ट लावून ओढणारा पुलर वापरा. पत्र्याच्या पुलीत पहार घालून उचकटू नका. रबराजवळ गॅसची ज्योत नको.

बहुतेक इंजिनं समोरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतात. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं उलटी फिरतात, तिथे पाना लावण्याआधी दिशा पक्की करा. काही इंजिनांत क्रँकच्या दातेरी चाकाला चावीच नसते, सगळं त्या मधल्या बोल्टच्या दाबावर टिकून असतं. अशा इंजिनात कॅम आणि क्रँक आधी लॉक केल्याशिवाय बोल्ट सोडला तर टायमिंग हातचं गेलं. आणि पाना अडकवून स्टार्टरचा झटका देण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका, पाना कुठे जाईल याचा नेम नसतो.

आणि बसवताना?

हातोडी बाजूला ठेवा. ठोकून बसवलेल्या पुलीचा प्रत्येक घाव थ्रस्ट बेअरिंगवर जातो आणि रबरालाही हिसका देतो. घट्ट बसणाऱ्या पुलीसाठी आट्यांचा दांडा आणि नट असलेलं साधन मिळतं. मूळ बोल्टनेच ओढून बसवायचा मोह होतो, पण सुरुवातीला त्याचे दोन-तीनच आटे धरलेले असतात, आणि ते तुटले तर शाफ्टचे आटे जातात. सीलच्या ओठावर तेलाचं बोट फिरवा. हबवर सीलने खोल चर पाडली असेल तर नवं सीलही गळणार आणि नव्या रबराला तेल लागणार. चरीवर पातळ धातूची बाही (स्लीव्ह) चढवा किंवा हब बदला.

दुसऱ्या मॉडेलची पुली बरोबर बसते. लावू का?

बसते हा पुरावा नाही. खाचांची खोली, टायमिंगच्या खुणेची जागा आणि वजन, तिन्ही जुळायला हवं. काही इंजिनांचा तोल पुलीत आणि फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम ठेवलेल्या जादा वजनावर अवलंबून असतो. शेवरोलेचं ४०० घन इंची इंजिन बाहेरून तोललेलं होतं, त्याच घराण्यातलं जुनं ३५० आतून. फोर्डच्या ३०२ मध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे वजन २८ वरून ५० औंस-इंचावर गेलं. पुली बोटाने सरकवावी तशी बसते, पण इंजिन थरथरतं आणि लोक माउंट बदलत बसतात.

कडं वेल्ड करून घट्ट केलं तर?

नको. रबर जळतं, डँपरचं काम संपतं, आणि एका बाजूने तापल्यामुळे कडं आणखी वाकतं. रबर नव्याने भरून देणारे तज्ज्ञ असतात. दुर्मीळ इंजिनासाठी तो मार्ग चांगला आहे, तोल आणि खूण दोन्ही तपासून मिळणार असतील तर. डँपरच्या जागी हलकी एकसंध पुली लावण्याच्या मी विरोधात आहे. कारखान्याने एकसंध दिली असेल तिथे ती ठीक, बाकी ठिकाणी शाफ्टचा जीव धोक्यात.

क्रँकशाफ्टचं नाकच वाकलं असेल तर?

क्वचित होतं, बहुधा समोरून जोराची धडक बसल्यावर किंवा कोणी पुली घणाने ठोकल्यावर. पुली काढून डायल गेज थेट शाफ्टच्या नाकावर ठेवा आणि क्रँक फिरवा. काटा मिमीच्या शंभराव्या भागांतच हलायला हवा. तो त्याहून बराच झुलत असेल आणि नवी पुलीही तशीच डगमगत असेल, तर शाफ्ट बाहेर काढण्याला पर्याय नाही.

मागे वायसर घालून पुली रेषेत आणता येईल का?

क्रँक पुलीच्या मागे, नाही. तिथली जागा इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेली असते. वायसर घातला की चावीची पकड आणि बोल्टचे धरलेले आटे दोन्ही कमी होतात. क्रँक पुली इंजिनाशी बरोबर बसली आहे याची खात्री झाली की तीच प्रमाण. अल्टरनेटर किंवा पंपाच्या ब्रॅकेटमागे योग्य जाडीचे वायसर घालून त्यांना तिच्या रेषेत आणा.

पुली डगमगते, पण गाडी चालतेय. किती दिवस ढकलता येईल?

डगमग किंचित असेल, रबर शाबूत असेल आणि मधला बोल्ट घट्ट असेल तर पांढऱ्या रेघेवर नजर ठेवून सुटा भाग येईपर्यंत बेताने वापरता येते. रबर आरपार फाटलं असेल, लाल पूड दिसत असेल किंवा खटखट येत असेल तर गाडी उभी करा. सुटलेलं कडं रेडिएटर आणि टायमिंग कव्हर फोडतं. वॉटर पंपाचा बेल्ट गेला तर इंजिन काही मिनिटांत तापतं, पॉवर स्टिअरिंग एकाएकी जड होतं. टायमिंग बेल्टच्या इंजिनात फाटलेल्या बेल्टचे धागे कव्हरच्या आत ओढले जाऊन टायमिंग बेल्टलाही दात्यांवरून उडवू शकतात, आणि मग वाल्व्ह वाकतात.